बायाझिदचं कासव

नदीकाठच्या दरडीत जीवाश्म शोधायला जाणाऱ्याला हवा असतो डायनोसॉर आणि सापडतं कासव. जगभरच्या शोधकांची ही जुनी तक्रार आहे आणि तिला कारणही आहे. कासवाचं कवच म्हणजे पन्नास-साठ हाडांची घट्ट जोडणी. प्राणी मेला, मांस कुजलं, सांधे सुटले की हे सगळे तुकडे गाळात विखुरतात. पक्ष्यांची किंवा छोट्या सरड्यांची पोकळ, नाजूक हाडं पाण्याच्या रेट्यात मोडून जातात. कवचाचा जाड, सपाट तुकडा मात्र टिकतो. म्हणूनच डायनोसॉरच्या काळातल्या, नदी-तळ्यांच्या गाळापासून बनलेल्या खडकांत कासवाचे तुकडे वारंवार हाती येतात.

ओळखायलाही ते सोपे असतात. तुकड्याची कड करवतीच्या दात्यांसारखी असते. तिथं शेजारचं हाड अडकलेलं असतं. पृष्ठभागावर उथळ चर दिसतात. जिवंत कासवाच्या पाठीवर आपल्याला दिसणारी नक्षी हाडाची नसते. ती आपल्या नखांच्या जातीच्या पदार्थाची, हाडावर बसलेल्या खवल्यांची असते. खवले कुजून जातात, पण दोन खवल्यांमधली रेघ खालच्या हाडावर चर होऊन उरते. गंमत म्हणजे हे चर आणि हाडांचे सांधे सहसा एका रेषेत येत नाहीत. गवंडी जसा विटांचे उभे सांधे एकावर एक येऊ देत नाही, तशीच ही रचना. भिंत मजबूत होते, कवचही.

शरीरशास्त्राच्या दृष्टीनं तर कासव हा विलक्षण प्रकार आहे. कवच म्हणजे अंगावर घातलेलं चिलखत नव्हे. पाठीकडची ढाल मुख्यतः बरगड्या आणि मणके यांचीच बनते. गर्भात वाढताना कासवाच्या बरगड्या आपल्यासारख्या वळून छातीकडे येत नाहीत. त्या बाजूला पसरतात, रुंद होतात आणि एकमेकींना भिडतात. परिणामी आपल्या बरगड्यांच्या बाहेर असणारा खांद्याचा सांगाडा कासवात बरगड्यांच्या आत असतो. कासव कवचातून बाहेर येऊ शकत नाही, कारण ते कवचात राहत नाही, ते स्वतःच कवच असतं.

असे तुकडे बहुतेक शोधक ‘इतर’ असं लिहिलेल्या खोक्यात टाकतात. एका हंगेरियन सरदारानं तसं केलं नाही. फेरेंत्स नोप्चा हे त्याचं नाव. जर्मन भाषेत तो फ्रांझ. डायनोसॉरच्या इतिहासात त्याचं नाव आजही आदरानं घेतलं जातं, अल्बानियाच्या इतिहासात कुतूहलानं, आणि त्याच्या अखेरीबद्दल बोलताना लोक आवाज खाली आणतात.

नोप्चाचा जन्म ३ मे १८७७ रोजी देवा या गावी झाला. हा ट्रान्सिल्वेनियाचा भाग. आज तो रुमानियात आहे, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. घराणं जहागीरदारांचं. एक काका सम्राज्ञी एलिझाबेथच्या दरबारात वरिष्ठ पदावर होता. मुलाचं शिक्षण व्हिएन्नातल्या थेरेसियानुम या उमरावांच्या शाळेत झालं. पुढचा रस्ता ठरल्यासारखाच होता: दरबार, सैन्य किंवा इस्टेट.

१८९५ साली त्याच्या धाकट्या बहिणीला, इलोनाला, हात्सेगच्या खोऱ्यातल्या त्यांच्या जमिनीवर काही हाडं सापडली. जागा होती सिंपेत्रू गावाजवळची. सिबिशेल नावाची छोटी नदी तिथल्या लालसर-करड्या खडकाला कापत जाते आणि दर पावसाळ्यानंतर दरडीतून नवं काही तरी उघडं पडतं. अठरा वर्षांच्या फेरेंत्सनं ती हाडं व्हिएन्नाला नेली आणि एडुआर्ट सूस या त्या काळच्या सर्वांत मोठ्या भूवैज्ञानिकांपैकी एकासमोर ठेवली. हाडं डायनोसॉरची होती. सूसनं त्याला त्यांचा अभ्यास स्वतःच करायला सांगितलं. मला यातलं काही कळत नाही, अशी मुलाची अडचण. मग शिकून घे, असा प्रोफेसरांचा सल्ला, अशी हकीकत सांगतात.

त्यानं खरोखर शिकून घेतलं. व्हिएन्ना विद्यापीठात नाव घातलं आणि १८९९ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीसमोर आपल्या जमिनीतल्या बदकचोच्या डायनोसॉरच्या कवटीचं वर्णन सादर केलं. त्यानं दिलेलं नाव आधीच एका मगरीला दिलेलं निघालं, म्हणून १९०३ मध्ये त्याला ते बदलावं लागलं. आज तो प्राणी टेल्मॅटोसॉरस म्हणून ओळखला जातो. त्याच वर्षी त्याला डॉक्टरेट मिळाली. त्यानंतर हात्सेगमधून एकामागून एक प्राणी बाहेर येत गेले. लांब मानेचा शाकाहारी, चिलखती डायनोसॉर, दोन पायांवर चालणारा चरणारा प्राणी, मगर, आणि कासव. कासवाचे तुकडे तर ढिगानं.

इथं नोप्चाचं वेगळेपण दिसतं. त्या काळात जीवाश्मशास्त्र म्हणजे मुख्यतः नवं हाड, नवं नाव, नवं चित्र. अमेरिकेत तर कोणाचा डायनोसॉर मोठा यावर वैर माजलं होतं. नोप्चाच्या हाती आलेले डायनोसॉर मात्र लहान होते. ज्या लांब मानेच्या कुळातले इतर ठिकाणचे प्राणी पंधरा मीटर आणि त्याहून लांब होत, त्याचा हात्सेगमधला नातेवाईक जेमतेम सहा मीटरचा. बदकचोच्याही त्याच्या चुलत भावंडांपुढे किरकोळ. दुसरा एखादा असता तर ही पिल्लं आहेत किंवा आपलं नशीब खोटं, असं म्हणून मोठ्या हाडांच्या शोधात दुसरीकडे गेला असता.

नोप्चानं कासवांकडे आणि मगरींकडे पाहिलं. हात्सेगच्या कासवाचं कवच सुमारे अर्धा मीटर लांबीचं होतं. म्हणजे चांगलं भरलेलं, कुठल्याही खंडावर शोभेल असं. मगरीही नेहमीच्या मापाच्या. एकाच खडकात, एकाच काळात, एकाच नदीकाठी राहिलेल्या प्राण्यांपैकी कासवं आणि मगरी ठीकठाक आणि डायनोसॉर तेवढे खुजे, ही विसंगती त्यानं नोंदवली. डॉक्टर औषधाचा परिणाम तपासताना एका गटाला औषध देतात आणि दुसऱ्याला देत नाहीत. दुसरा गट नसेल तर पहिल्याबद्दल काहीच ठामपणे म्हणता येत नाही. हात्सेगमध्ये तो दुसरा गट म्हणजे कासवं होती. ती नसती तर डायनोसॉर लहान आहेत या वाक्याला अर्थच उरला नसता. कशाच्या मानानं लहान?

नोप्चानं काढलेला निष्कर्ष असा की हात्सेग हे त्या काळी बेट होतं. क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस, सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी, युरोपचा मोठा भाग उथळ समुद्राखाली होता आणि मधूनमधून जमिनीचे तुकडे वर डोकावत होते. बेटावर चारा मोजका असतो. मोठ्या देहाला तो पुरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या लहान देहाचे प्राणी तगतात, मोठे मागे पडतात. भूमध्य समुद्रातल्या सिसिली, माल्टा, सायप्रस या बेटांवर हिमयुगात बुटके हत्ती होऊन गेले. तोच हा प्रकार. कासवाला मात्र ही सक्ती नाही. थंड रक्ताचा, संथ प्राणी. त्याच्या वजनाच्या गरम रक्ताच्या प्राण्याला लागेल त्याच्या कितीतरी कमी अन्नावर तो भागवतो. बेटानं त्याला छोटं व्हायला भाग पाडलं नाही.

ही कल्पना त्यानं पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे मांडली. खंड सरकतात हे वेगेनरचं म्हणणं तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिकांना हास्यास्पद वाटत होतं. ते मान्य करणाऱ्या थोड्यांत नोप्चा होता. बुटक्या डायनोसॉरच्या कल्पनेकडे मात्र फारसं कुणी लक्ष दिलं नाही. ती पिल्लं नव्हती कशावरून, हा आक्षेप रास्त होता. त्यालाही उत्तर शोधायची वाट नोप्चानंच दाखवली होती. हाडाचा कागदासारखा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. वाढत्या वयाच्या हाडात रक्तवाहिन्यांची दाटी असते, हाड भराभर रचलेलं दिसतं. वाढ थांबली की बाहेरच्या कडेला दाट, संथपणे बसलेले थर येतात, आणि वय झालेल्या हाडात जुनं खरवडून नवं भरल्याच्या खुणा सगळीकडे दिसतात. आज अस्थिरोगतज्ज्ञ हाडाच्या तुकड्यावरून जे वाचतात, जवळपास तेच. डायनोसॉरच्या हाडांचे असे काप अभ्यासणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्याची गणना होते. २०१० साली संशोधकांनी हात्सेगच्या त्या सहा मीटरच्या प्राण्याच्या, मॅग्यारोसॉरसच्या, हाडांचे काप तपासले. हाडं पूर्ण वाढ झालेल्या, वयस्क प्राण्यांची निघाली. पिल्लं नव्हेत, बुटके. नोप्चा जाऊन तेव्हा सत्त्याहत्तर वर्षं झाली होती.

सगळंच त्याचं खरं ठरलं असं नाही. हात्सेगमध्ये लांब मानेचे मोठे डायनोसॉरही होते, असं अलीकडच्या अभ्यासांतून दिसतं. २००२ मध्ये तिथल्याच एका अजस्र उडत्या सरपटणाऱ्या प्राण्याला नाव मिळालं. म्हणजे बेटावर सगळे खुजे नव्हते. डायनोसॉरच्या प्रचंड देहामागे मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीचा अतिरेक असावा, असाही तर्क त्यानं केला होता. माणसांत या ग्रंथीच्या बिघाडानं हातपाय आणि जबडा अवाजवी वाढतो, हे वैद्यकाला नुकतंच समजलं होतं आणि नोप्चानं ते उचललं. तो तर्क टिकला नाही. डोक्यावर तुरा असलेले बदकचोचे नर आणि तुरा नसलेले माद्या, हाही अंदाज चुकला. पण मेलेल्या प्राण्याच्या हाडाला त्याच्या ग्रंथी, त्याचं खाणं, त्याची वाढ याबद्दल प्रश्न विचारायचे, ही सवय लावणाऱ्यांत तो आघाडीवर होता. मला विचाराल तर त्याच्या चुकाही त्याच सवयीच्या आहेत.

आता दुसऱ्या नोप्चाकडे वळायला हवं. डॉक्टरेटच्या सुमारास तो अल्बानियात गेला आणि त्या डोंगराळ मुलखाच्या प्रेमात पडला. तेव्हा तो तुर्की साम्राज्याचा एक कोपरा होता. खानदानी वैरं, पाहुण्याला देवासारखं जपणारा पण खुनाला खुनानं उत्तर देणारा अलिखित कायदा, युरोपीय नकाशांवरच्या कोऱ्या जागा. नोप्चानं तिथल्या बोली शिकून घेतल्या, तिथलेच कपडे घातले, नकाशे काढले, घरं, नांगर, रूढी, कायदे सगळं लिहून ठेवलं. त्याच्या लेखनाचा मोठा वाटा अल्बानियाविषयीच आहे. १९०७ मध्ये मुस्तफा लिता नावाच्या दरोडेखोरानं खंडणीसाठी त्याला पकडलं होतं. त्यातूनही तो सहीसलामत सुटला.

तेव्हा त्याच्यासोबत एक तरुण होता. बायाझिद एल्मास दोदा. आजच्या उत्तर मॅसिडोनियातल्या वरच्या रेका खोऱ्यातल्या श्तिरोवित्सा या अल्बेनियन खेड्यातला. नोप्चाची त्याची भेट १९०६ साली बुखारेस्टमध्ये झाली. नोप्चानं त्याला सचिव म्हणून ठेवून घेतलं आणि पुढची सव्वीस-सत्तावीस वर्षं ते एकत्र राहिले. प्रवासात, हात्सेगमध्ये, व्हिएन्नात, बुडापेस्टमध्ये. अभ्यासक त्यांना जोडीदारच मानतात. ज्या काळात ऑस्ट्रियाच्या कायद्यात अशा नात्याला तुरुंग होता, त्या काळात हे दोघं फारसं काही न लपवता राहिले. सरदारकीचा त्यात वाटा असणारच. खेड्यातल्या दोन माणसांना हे जमलं नसतं. बायाझिद नुसता सोबतीही नव्हता. आपल्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या जीवनाची त्यानं केलेली नोंद १९१४ च्या सुमाराची आहे. ती पुस्तकरूपानं छापली गेली २००७ साली.

१९१३ मध्ये अल्बानियाच्या स्वातंत्र्याला मान्यता मिळाली आणि युरोपातल्या सत्ता त्यासाठी राजा शोधू लागल्या. नोप्चानं आपलं नाव पुढं केलं. योजना त्याच्या मते सरळ होती: ऑस्ट्रियानं थोडी मदत करावी, आपण गादीवर बसावं आणि खर्चासाठी एखाद्या अमेरिकन धनिकाच्या मुलीशी लग्न करावं. व्हिएन्नानं हे मनावर घेतलं नाही. गादी वीडच्या जर्मन राजपुत्राला मिळाली आणि तोही काही महिन्यांतच देश सोडून गेला. ही हकीकत नोप्चावरच्या प्रत्येक लेखात चघळली जाते, म्हणून इथं एवढी पुरे.

महायुद्धात तो हेर होता. मेंढपाळाच्या वेशात ट्रान्सिल्वेनियाच्या सरहद्दीवर फिरला, अल्बेनियन स्वयंसेवकांची तुकडीही त्यानं चालवली. युद्ध संपलं तेव्हा साम्राज्यच उरलं नव्हतं. १९२० च्या त्रियानों तहानं ट्रान्सिल्वेनिया रुमानियाकडे गेला आणि नोप्चाच्या जमिनीही गेल्या. हात्सेगच्या दरडी आता परदेशात होत्या. आपली इस्टेट पाहायला गेला असताना तिथल्या शेतकऱ्यांनी त्याला बेदम मारलं; डोक्याला गंभीर इजा झाली. जहागीरदार आणि कूळ यांचा हिशेब तिथंही फार जुना होता, हे लक्षात घेतलं तर त्यात आश्चर्य नाही. पण त्या मारानं त्याच्या प्रकृतीचं काय केलं असेल, हा प्रश्न पुढचं वाचताना मनात राहतो.

पैशाची चणचण सुरू झाली. जीवाश्मांचा मोठा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गविज्ञान विभागाला विकला गेला. कासवंही गेली. आणि १९२३ मध्ये, सगळं हातातून सुटत असताना, त्यानं त्या कासवाला नाव दिलं: कॅलोकिबोशन बायाझिदी. ग्रीक भाषेत कॅलोस म्हणजे सुंदर, किबोशन म्हणजे छोटी पेटी. बायाझिदची देखणी पेटी. या नावावरून जीवाश्मतज्ज्ञांमध्ये बरीच मिस्कील कुजबूज झालेली आहे. डायनोसॉरांची नावं त्यानं दलदलीवरून, प्रांतांवरून ठेवली. सोबत्याचं नाव मात्र कासवाला दिलं. ज्या शोधनिबंधात हे कासव जगापुढं आलं, तो लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. हात्सेगची सरपटणारी प्राणिसृष्टी इतकी जुनाट ढंगाची का, हा त्याचा मुख्य विषय. बेट तुटलं की तिथं जुन्या वळणाचे प्राणी टिकून राहतात, असं त्याचं उत्तर होतं. कासवही तसंच होतं. आजची सगळी कासवं दोन मोठ्या गटांत मोडतात: मान सरळ मागं ओढून घेणारी आणि मान कुशीला दुमडणारी. कॅलोकिबोशन दोन्हींत बसत नाही. या दोन फांद्या फुटण्याआधीच्या खोडातून निघालेला तो वेगळा फाटा आहे, असं अलीकडच्या अभ्यासातही दिसून आलं.

१९२५ मध्ये नोप्चाला हंगेरीच्या भूवैज्ञानिक संस्थेचं संचालकपद मिळालं. पद चांगलं होतं, माणूस त्या पदाचा नव्हता. वरिष्ठांशी, हाताखालच्यांशी, सरकारशी, सगळ्यांशी खटके. स्वभाव तिखट आणि बोलणं त्याहून तिखट. काही वर्षांत त्यानं राजीनामा दिला आणि बायाझिदला घेऊन मोटारसायकलवरून इटलीत हजारो किलोमीटर भटकायला निघून गेला. परत आल्यावर दोघं व्हिएन्नात भाड्याच्या घरात राहू लागले. आजारपणं वाढली, पैसे संपत गेले. अल्बानियावरचं मोठं लिखाण छापायला प्रकाशक मिळेना. उदासीचे झटके त्याला आधीपासून येत असत. आता ते लांबत गेले. अशा आजाराला आज उपचार आहेत. तेव्हा व्हिएन्नासारख्या मानसोपचाराच्या राजधानीतही गंभीर नैराश्यावर खात्रीचं औषध नव्हतं. पहिली नैराश्यविरोधी औषधं यायला अजून वीसहून अधिक वर्षं होती.

२५ एप्रिल १९३३ रोजी नोप्चानं बायाझिदला गुंगीचं औषध घातलेला चहा दिला, झोपेत गोळी घातली आणि मग स्वतःला मारून घेतलं. बायाझिद चाळिशीत होता, नोप्चा पंचावन्न वर्षांचा. मागं ठेवलेल्या पत्रात त्यानं आपल्या मनाच्या कोसळण्याचं कारण दिलं होतं आणि सोबत्याला आजारी, निर्धन असा मागं ठेवायचा नाही म्हणून त्यालाही नेतो आहे, अशा अर्थाचं लिहिलं होतं.

या प्रसंगाकडे करुण प्रेमकथा म्हणून पाहणारे लेखक आहेत. मला ते पटत नाही. बायाझिदला कुणी विचारलं नव्हतं. नैराश्यानं ग्रासलेल्या माणसाला आपल्यावर अवलंबून असलेल्यांचंही जगणं व्यर्थ वाटू लागतं आणि त्यांना ‘सोडवण्याचा’ विचार मनात येतो, हे मानसोपचारतज्ज्ञ ओळखतात. म्हणूनच अशा रुग्णाला ते स्वतःबद्दलच नव्हे, तर घरातल्यांबद्दल काय वाटतं हेही विचारतात. आजार समजून घेता येतो. तरी जे झालं तो खून होता आणि ज्याचा झाला त्याच्याबद्दल नोप्चाच्या चरित्रांत दोन-चार परिच्छेदांपलीकडे क्वचितच काही सापडतं.

नोप्चाची अल्बानियाविषयीची हस्तलिखितं नॉर्बर्ट योक्ल या व्हिएन्नातल्या भाषापंडिताकडे गेली. योक्ल ज्यू होता. १९४२ मध्ये नाझींच्या छळात त्याचा अंत झाला. कागद मात्र राहिले, ते ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

नोप्चाची ही कासवं ज्या काळात हात्सेगच्या नद्यांकाठी वावरत होती, त्याच कालखंडाच्या अखेरीस आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहू लागला होता. त्या लाव्ह्याखाली दबलेल्या गाळाच्या थरांत चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यातलं पिसदुरा हे गाव येतं. तिथल्या शेतांतून डायनोसॉरची हाडं, त्यांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे आणि कासवंही मिळाली आहेत. १९७७ मध्ये सोहनलाल जैन या जीवाश्मतज्ज्ञानं तिथल्या एका कासवाचं वर्णन केलं आणि प्रजातीच्या नावात पिसदुऱ्याचं नाव गुंफलं. ते मान कुशीला दुमडणाऱ्यांच्या गटातलं, हात्सेगच्या कासवाशी त्याचं जवळचं नातं नाही. पण वैदर्भीय शेतात नांगराच्या फाळाला लागणारा करवती कडेचा चपटा दगड आणि सिबिशेलच्या दरडीतला तुकडा एकाच युगाच्या शेवटच्या पानांवरचे आहेत.

सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी ते युग संपलं. अशनीचा आघात झाला, आकाश झाकोळलं, झाडोरा मेला. पक्षी वगळता सगळे डायनोसॉर गेले. बुटकेही आणि अजस्रही. कासवांची बहुतेक कुळं मात्र वाचली. ज्या गुणामुळं बेटावर त्यांना खुजं व्हावं लागलं नव्हतं, तोच गुण इथंही त्यांच्या कामी आला असावा: कमी अन्नात भागवणं, संथ राहणं, वेळ पडल्यास चिखलात पडून महिनेच्या महिने काढणं. नदीतल्या जीवसाखळीला ताज्या हिरव्या पानांपेक्षा कुजलेल्या पाल्याचा आधार जास्त, त्याचाही गोड्या पाण्यातल्या कासवांना फायदा झाला असं मानतात.

हात्सेगच्या खोऱ्यात रुमानियाचे संशोधक आजही दर उन्हाळ्यात काम करतात. कॅलोकिबोशनचे नवे, अधिक पूर्ण नमुने मिळाले आहेत आणि गेल्या दशकात त्यांच्या आधारे या कासवाचं वर्णन नव्यानं लिहिलं गेलं. प्राण्यांच्या नामकरणाचे नियम कडक आहेत. नियमाला धरून दिलेलं पहिलं नाव पुढं कुणाला आवडो न आवडो, सहसा बदलता येत नाही. श्तिरोवित्सा हे बायाझिदचं खेडं पहिल्या महायुद्धात बेचिराख झालं, तिथं पुन्हा वस्ती झाली नाही. सिंपेत्रूच्या दरडीतून पावसानंतर कवचाचा नवा तुकडा निघाला की त्याच्या चिठ्ठीवर मात्र बायाझिदचं नाव लिहावं लागतं.